सतरा लाखांचं मशीन आणि इंदूबाईचा कापूस

इंदूबाई मत्तेला राग आला की गॅसवर चढलेलं दूध उतू जायचं विसरून मुकाट्यानं खाली बसायचं, हे मारेगावपासून वणीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एकदा तिनं सैपाकखोलीतून नवऱ्याला हाक मारली, तर रस्त्यानं चाललेला कोळशाचा ट्रक आपल्यालाच थांबवलं असं समजून कडेला लागला आणि ड्रायव्हर कागदपत्रं घेऊन खाली उतरला. अशा बाईचा आवाज या मार्च महिन्यात घरातल्या घरात हरवला. सर्दीनं बसला नाही की खोकल्यानं गेला नाही. चांगला खणखणीत आवाज, तोंडातून निघायचा आणि दोन पावलांवर जाऊन मरून पडायचा.

त्याचं मूळ होतं समोरच्या खोलीत.

ही खोली घरातली सगळ्यात मोठी. दोन वर्षांमागे इंदूबाईच्या नवऱ्यानं, सदाशिवरावांनी, तिच्या भिंतींना माणसाच्या उंचीएवढ्या चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या, खाली फरशीही तशीच. पण टाइल्स पुऱ्या दिसायच्या फक्त उन्हाळ्यात. दिवाळीनंतर कापूस घरी यायला लागला की तो याच खोलीत पडायचा. भाव वाढायची वाट पाहत साऱ्या गावाचा कापूस असाच घरात राहतो. माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस पंख्याखाली. यंदा चाळीस क्विंटल आला. तीन भिंतींना लागून थेट छतापर्यंत पांढरा डोंगर, मधे चार माणसं बसतील एवढी मोकळी जागा. आणि त्या जागेत, चौथ्या भिंतीपाशी, ते मशीन.

वणीच्या अंगाचं चार एकर वावर कोळशाच्या खाणीत गेलं, त्याचा मोबदला आला. त्यात वर दोन खोल्या चढवू, असं इंदूबाईनं धरलं होतं. सदाशिवराव नागपूरला गेले ते वायरिंगचं सामान पाहायला, आणि तीन दिवसांनी त्यांच्यामागं एक बंद गाडी आली. तिच्यातून माणसाएवढे उंच दोन काळे स्पीकर उतरले, मग सोयाबीनच्या भरल्या पोत्याएवढा जड एक डबा उतरला, मग आणखी तीन डबे, आणि शेवटी एक वायर, जिला इंदूबाई बैलाचं नवं दावं समजली. एकूण सतरा लाख.

माणूस वाईट नव्हता. सोळा वर्षांचे असताना हेच सदाशिवराव वणीच्या बाजारात एका हॉटेलासमोर उन्हात उभं राहून रेडिओ ऐकायचे, आणि बापानं कान धरून घरी आणलं की रात्रभर तेच गाणं तोंडात घोळवायचे. बाप गेला, पोरं मोठी झाली, बंटी पुण्याला नोकरीला लागला, अर्पिताचं वरोऱ्याला लग्न झालं. ऐकायचं राहूनच गेलं होतं. आता ते रोज चार ते सहा खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की पाहणाऱ्याला आपण चुकून कोणाच्या न्हाणीघरात डोकावलो असं वाटावं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"आयक. बाई गाता गाता थांबली न्, अथी, थुका गियला तिनं. आयकला?"

"थुका आयकाले सतरा लाख?" इंदूबाई म्हणाली आणि उठून गेली.

पण हेही खरं की तिनं तो ऐकला होता. गाणारी बाई दोन हातांच्या अंतरावर बसल्यासारखी गात होती. तबल्यावर बोटाचं नख लागलेलं कळत होतं. गावातले लोक ऐकून जायचे आणि बाहेर जाऊन सांगायचे. सांगता सांगता गोष्ट मुकुटबनपर्यंत पोचली तोवर मत्त्यांच्या घरी मेलेले गवई येऊन बसतात आणि चहा मागतात, अशी झाली होती.

आता रागाचं खरं कारण. अर्पिताला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचंही काही नव्हतं. पण पोरगी मागच्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी आली, तर या कापसानं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. कापसात काय असतं ते ज्याच्या अंगाला खाज सुटते त्यालाच कळतं. मधल्या खोलीत तूर आणि सोयाबीनची पोती, ओसरीत दोघांच्या खाटा. पोरीला ठेवायची तर समोरच्याच खोलीत, आणि तीही रिकामी करून, धुऊन, चार दिवस वारं खेळवून. विहीणबाईंनी वरोऱ्याहून फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की महिनाअखेर खोली मोकळी झाली तर पाठवतो, नाहीतर आमच्याकडेच होईल सगळं, तुम्ही तुमचा कापूस सांभाळा. तो गोड आवाज इंदूबाईच्या कानात विंचवासारखा बसून राहिला.

आधी सदाशिवराव म्हणाले, भाव येऊ दे. तिनं मानलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी धरलेला भाव आला, वर दीडशे चढला, तरी कापूस हलेना. तेव्हा तिनं कमरेला पदर खोचून विचारलं, आणि जे उत्तर आलं ते ऐकून तिला भोवळ यायची बाकी राहिली.

नागपूरच्या दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं की हे मशीन तीनशे तास वाजल्यावर खुलतं. तोवर ते कोवळं असतं. तोवर त्याला हलवायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, आणि खोलीत धूळ तर बिलकूल उडू द्यायची नाही. कापूस काढायचा म्हणजे केवढी धूळ.

तिनं बोटांवर हिशोब केला. रोजचे दोन तास. तीनशे तासांना पाच महिने.

"पोट्टी मे महिन्यात बाळंत होते. तुमचं मशीन ऑगस्टात."

"पोरीची सोय तिकडं चांगली हाय," सदाशिवराव म्हणाले. "शहरगाव हाय, दवाखाना घराजवळ हाय. तू उगाच जिवाले लावून घेते."

त्या दिवशी तिनं जे ऐकवलं ते ओसरीत ऐकवलं असतं, तर दारातल्या कडुलिंबाचा पाला पंधरा दिवस आधीच गळाला असता. पण सदाशिवराव समोरच्या खोलीत जाऊन बसले होते, म्हणून तीही त्यांच्यामागं तिथंच शिरली आणि तिथं, कापसाच्या मधोमध उभी राहून बोलली. माहेर म्हणजे काय, बाप म्हणजे काय, सतरा लाखांत किती विटा येतात, सगळं. अर्धा तास. गळ्याच्या शिरा फुगल्या. सदाशिवराव खुर्चीत शांत, जणू कोणी लांबच्या गावात रागावलं होतं.

ती घामानं भिजून बाहेर आली. ओसरीच्या पायरीवर जमनी बसली होती. जमनी तांड्यावरची, इंदूबाईच्या वावरात वेचणीला येणाऱ्या बायांची म्होरकी. गेल्या वीस वर्षांत या घरातलं एक भांडण तिनं चुकवलेलं नव्हतं. एक किलोमीटरवरच्या तांड्यात बसून ती सैपाकखोलीतलं अक्षर न् अक्षर ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी वेचताना बायांना म्हणून दाखवायची.

"बाई, तब्येत बरी नाई का?" जमनीनं विचारलं. "आज भांडल्या नाई."

"भांडली नाई? घसा फाटला माह्या!"

"याडी, माय माही! म्या तं दारातच बसून हाय. मले वाटलं तुमी भजन पुटपुटून राह्यल्या."

इंदूबाई थबकली. ती परत खोलीत गेली, कापसाच्या भिंतीकडे तोंड करून एक सणसणीत शिवी दिली. शिवी कापसात शिरली आणि परत आली नाही. मग ती सैपाकखोलीत गेली, तीच शिवी त्याच जोरानं दिली. मांडणीवरची ताटं थरथरली, आणि बाहेरून जमनी म्हणाली, "हां, आता आली."

त्याच क्षणी तिला नागपूरचा दुकानदार आठवला. मशीन लावून झाल्यावर त्यानं खोलीत मधोमध उभं राहून तीन टाळ्या वाजवल्या होत्या, कान टवकारले होते, आणि म्हणाला होता, काका, रूम एक नंबर आहे. सदाशिवरावांना वाटलं टाइल्सचं कौतुक झालं. तिला वाटलं हा आरती करतो की काय.

म्हणजे गोष्ट अशी होती. खोलीतला जो आवाज भिंतींवर आपटून परत यायचा, तो सगळा कापूस खात होता. गाणं तेवढं नितळ उरत होतं. तिनं आणि जमनीनं आणि तांड्याच्या अकरा बायांनी थंडीत बोटं फाडून वेचलेला कापूस, त्या बाईचा थुका ऐकवत होता. आणि नाव होत होतं मशीनचं. तिच्या संतापालाही तोच गिळत होता. आता तिला दोन राग आले, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता.

तिनं ते नवऱ्याला सांगितलं, रागावून नाही, नीट समजावून. सदाशिवराव हसले. हसू प्रेमाचं होतं, म्हणून जास्त झोंबलं. "त्याच्यात जर्मनीचं सामान हाय. तुवा कापूस मारेगावचा." एवढंच म्हणाले.

संधी आली ती दोन दिवसांनी, शनिवारी. जमनीचा नवरा रामलाल आपल्या पिकअपचा हप्ता भरून वणीहून येताना चहाला थांबला होता. सोबत गावातले आणखी दोघं. गाणं संपलं, सगळ्यांनी माना हलवल्या. सदाशिवराव उत्साहाच्या भरात सांगायला लागले की चांगल्या मशीनला जागा लागत नाही. स्वस्ताच्या डब्याला सतरा नखरे, पण हे मोकळ्या वावरात नेऊन ठेवा, विहिरीत सोडा, आवाज हाच राहणार, पैसे त्याचेच मोजले.

इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती ट्रे खाली ठेवून म्हणाली, विहीर लांब आहे, मोकळी खोली जवळ आहे. कापूस निघू दे. मशीन आत्तासारखंच वाजलं, तर मी अर्पिताला वरोऱ्यालाच राहू देते आणि जन्मात या यंत्राबद्दल एक शब्द काढत नाही. नाही वाजलं, तर पुढच्या रविवारी पोरगी या खोलीत येते.

रामलाल चहाची बशी तोंडाशी धरून तसाच राहिला. ही बाई जन्मात शब्द काढणार नाही, एवढी मोठी गोष्ट तालुक्यात कोणी कधी पणाला लावली नव्हती. सदाशिवरावांनी तीन माणसांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. माघार घ्यायला जागाच नव्हती, आणि घ्यायचीही नव्हती. माणसाची श्रद्धा होती. म्हणाले, "काढा कापूस. मशीनवर चादरा टाका फक्त."

सोमवारी सकाळी तांड्याच्या बाया आल्या. पिकअपमधे कापूस टाकायचा आणि त्याच्यावर नाचून नाचून तो तुडवायचा, म्हणजे गाडीत बसतो. जमनी सगळ्यात वर. धूळ अशी उडाली की शेजारचा काळा कुत्रा संध्याकाळपर्यंत पांढरा दिसत होता आणि स्वतःच्याच घरात त्याला कोणी भाकर टाकली नाही. दुपारपर्यंत दोन खेपा वणीच्या जिनिंगच्या कारखान्यात पोचल्या. तिसरी भरून दारात उभी राहिली, रामलाल स्टिअरिंगवर, बाया कापसावर. खोलीच्या टाइल्स चमकायला लागल्या. सदाशिवरावांनी चादरी काढल्या, दोन वेळा फडकं फिरवलं, खुर्ची मोजून त्याच जागी ठेवली आणि रोजचं गाणं लावलं.

पहिल्याच सुराला त्यांनी डोळे उघडले.

बाई गात होती, पण कोणी तिला पत्र्याच्या टाकीत बसवून वरून बादल्या ओतत असल्यासारखी. तबला एका भिंतीवर आपटून दुसरीवर जायचा आणि तिथं त्याला आधीचाच तबला भेटायचा. बाईचा श्वास कुठं, थुका कुठं, शब्दही ऐकू येईनात. कापसावर बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. रामलालनं आरशात पाहून मिशी नीट केली.

सदाशिवरावांनी आवाज कमी केला, वाढवला, वायर उपसून परत लावली. व्होल्टेज कमी असेल म्हणाले. मशीनला धूळ लागली म्हणाले. मग नागपूरला व्हिडिओ फोन लावला. दुकानदारानं फोन खोलीभर फिरवायला सांगितला आणि एक टाळी वाजवायला लावली. टाळी भिंतीभिंतींतून टणटण करत फिरली.

"काका, कापूस कुठं गेला?" तो म्हणाला. "अर्धं गाणं तर खोली वाजवते. मशीनचा काहीच दोष नाही."

मग तो शांतपणे सांगू लागला की यावर उपाय आहे. भिंतींना लावायचे खास तक्ते येतात, आत परदेशी लोकर भरलेली, चारही भिंती आणि छत मिळून साडेतीन लाखांत होतील, काकांसाठी तीन. सदाशिवरावांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला होता की क्षणभर इंदूबाईलाही कसंतरी झालं. क्षणभरच. कारण दुसऱ्या क्षणी ते तरातरा बाहेर गेले आणि पिकअपच्या समोर हात आडवे करून उभे राहिले.

"रामलाल, गाडी खाली कर. कापूस आत टाक."

रामलालनं इंजिन बंद केलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्या कापसावरून उतरल्या नाहीत, पण हसायच्या थांबल्या. सदाशिवराव बडबडत होते, एका खेपेनं एक भिंत झाकली जाईल, बाकीचा जिनिंगवरून परत आणू, पाहिजे तर चढ्या भावानं विकत आणू.

इंदूबाई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी होती. चारही बाजूंना टाइल्स, खाली फरशी, वर स्लॅब. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"रामलालभाऊ, गाडी काढा!"

लोक सांगतात की त्या आवाजानं खाणीतल्या माणसांनी आज सुरुंग लवकर उडवला म्हणून घड्याळं पाहिली. मारेगावच्या स्टँडवर वणीची एसटी वेळेच्या सात मिनिटं आधी सुटली. कोण मोजायला गेलं होतं? पण पिकअपचं इंजिन मात्र चावी न फिरवता सुरू झालं, हे रामलाल तांड्याच्या देवळात हात ठेवून सांगायला तयार आहे. सदाशिवराव बाजूला झाले. त्यांना कोणी ढकललं नव्हतं. गाडी वणीच्या रस्त्याला लागली, आणि वरून जमनीनं हात हलवला.

बाकीचा दिवस इंदूबाईनं खोली धुतली. फिनेलच्या तीन बाटल्या संपवल्या. वरोऱ्याला फोन करून विहीणबाईंना तितक्याच गोड आवाजात सांगितलं की रविवारी गाडी पाठवते. फोनवर अर्पिता रडली की हसली ते नीट कळलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा सदाशिवराव दारात येऊन उभे राहिले. स्पीकर त्यांनी एकट्यानं ओढून कोपऱ्यात लावले होते, तोंडं भिंतीकडे. त्यांना वाटत होतं बायको आता जिंकल्याच्या आनंदात असेल, चार टोमणे मारेल आणि संपेल.

"हरलो बापा," ते म्हणाले. "तुवं खरं निघालं. येऊ दे पोरीले."

इंदूबाई उकिडवी बसून फरशी पुसत होती. तिनं पोचा बादलीत टाकला आणि मान वर केली. आवाज चढवला नाही. त्या खोलीत आता चढवायची गरजच नव्हती. हळू बोललेलंही चारही भिंती परत आणून देत होत्या.

"मशीन बेकार वाजलं म्हणून पोट्टी घरी येऊन राह्यली. म्या जिंकली म्हणून. आन् वाजलं असतं तं?"

सदाशिवरावांनी कोपऱ्यातल्या स्पीकरकडे पाहिलं.

"सांगा ना. चांगलं वाजलं असतं तं पोट्टी तथीच बाळंत झाली असती? तुमी अथी गाणं आयकत बसले असते?"

"तूच तं शर्त लावली," ते कसेबसे म्हणाले.

"म्या लावली. मले लावा लागली," ती म्हणाली. "बापाच्या घरी याले तिच्यासाठी शर्त लावा लागली मले. तुमी एका शब्दानं म्हनलं नाई की कायची शर्त, पोरगी हाय, येईन."

बाहेर बैल पाण्यावर आले, त्यांच्या घंटा खोलीत दुप्पट वाजल्या. मग त्यांची नजर वर गेली. छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कापसाचे पुंजके चिकटून लोंबत होते. पंखा लावला असता तर सगळे पोरीच्या अंथरुणावर पडले असते. त्यांनी ओसरीतून स्टूल आणलं, ओलं फडकं घेतलं आणि वर चढले. स्टुलाचा एक पाय आखूड होता. ते डुगडुगले, भिंतीला हात लावला, सावरले, आणि हळूहळू पहिलं पातं पुसायला लागले.

इंदूबाईनं स्टूल धरलं नाही.